वैर विझते कसे

मुलांना इतिहासातली युद्धे चटकन पाठ होतात. तह मात्र लक्षात राहत नाहीत. त्यांचाही दोष नाही. कित्येक तह म्हणजे पुढच्या युद्धाची पेरणीच असते.

फ्रान्स आणि जर्मनीचेच पाहा. १८७१ साली फ्रान्सला लोळवून जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा केली, ती व्हर्सायच्या आरसेमहालात. म्हणजे फ्रेंचांच्याच घरात. फ्रेंच ते विसरले नाहीत. १९१९ मध्ये हरलेल्या जर्मनांना त्याच महालात तहावर सही करावी लागली. सूड पुरा झाला, आणि वीस वर्षांत पुन्हा तोफा धडधडल्या.

द गॉल यांनी हा इतिहास नुसता वाचला नव्हता, अंगावर घेतला होता. १९१६ साली व्हर्दूनच्या लढाईत जखमी होऊन ते जर्मनांच्या कैदेत पडले. त्याच माणसाने सप्टेंबर १९५८ मध्ये पश्चिम जर्मनीचे ब्याऐंशी वर्षांचे चॅन्सेलर आडेनाउअर यांना राजवाड्यात नव्हे, कोलोंबे गावातल्या आपल्या राहत्या घरी मुक्कामाला बोलावले. भाऊबंदकी मिटली की नाही, हे आपणही कोर्टाच्या कागदावरून ओळखत नाही. दिवाळीच्या फराळाला माणूस उंबरठा ओलांडून आला का, ते पाहतो. जुलै १९६२ मध्ये हे दोघे रँसच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेला एकत्र हजर राहिले. १९१४ साली जर्मन तोफांनी पेटवलेले तेच ते प्रार्थनामंदिर! २२ जानेवारी १९६३ रोजी मैत्रीचा करार झाला.

"म्हणजे दोघे साधुसंत होते का, गुरुजी?" एका मुलाने मला विचारले. छे! द गॉलना अमेरिकेच्या ओंजळीने पाणी न पिणारा युरोप हवा होता. आडेनाउअरना रशियाच्या धाकात भरवशाचा शेजारी हवा होता. गरज होतीच. पण शांततेची गरज १९१९ सालीही होतीच की! इतिहास तोच, त्यातून काय उचलायचे, ते माणसांनी ठरवले.

२००६ साली दोन्ही देशांच्या लोकांनी मिळून लिहिलेले इतिहासाचे पाठ्यपुस्तक, मजकूर एकच पण भाषा दोन, वरच्या वर्गांतील मुलांच्या हाती आले. मास्तर म्हणून मला त्या पुस्तकाचा हेवा वाटतो. आपल्या आजोबांनी काय सोसले, ते कुणीही लिहील. शेजाऱ्याच्या आजोबांनी काय सोसले, तेही त्याच पुस्तकात लिहायला छाती लागते.