गोळी जाते कुठे?

वाचकहो, बंदूक कशी चालते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? चित्रपटांतून ती आपण इतक्यांदा पाहिलेली असते, की तिच्याविषयी काही विचारावे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. परंतु माझी भाची राष्ट्रीय छात्र सेनेत दाखल झाली आणि ग्वाल्हेरला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांपुढे तिने प्रश्नांची रासच ओतली. मोठ्यांपैकी कोणी विचारायला धजावले नसते, इतके ते प्रश्न भाबडे होते. उत्तरे ऐकायला मात्र आम्ही सारेच सरसावून बसलो.

बंदुकीतून सबंध काडतूस उडते का? नाही, पितळेचे कवच मागेच राहते. चाप ओढला की एक टोकदार कील काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळते, आतली दारू पेटते, आणि क्षणार्धात निर्माण झालेला तप्त वायू केवळ गोळीला नळीबाहेर ढकलतो. मग नळीच्या आत पिळाच्या खाचा कशाला? भोवरा फिरत असतो तोवरच तोल सांभाळतो ना, तसेच हे. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि हवेत कोलमडत नाही.

“सुभेदारकाका, गोळी अगदी सरळ रेषेत जाते ना?”

“नाही, बेटी. नळीतून सुटली की ती खाली ओढली जाऊ लागते, हातून सुटलेल्या आंब्यासारखीच.”

खांद्याला धक्का का बसतो, याचे उत्तर न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथात आहे. होडीतून काठावर उडी घेणाऱ्यालाही ते कळते, कारण होडी मागे सरते. जुन्या ३०३ रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने निघते, तर ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर. म्हणून दूरच्या निशाणाशी गोळी आधी पोहोचते, बार मागाहून.

“मॅगझिन काढले की बंदूक रिकामी झाली ना?” या प्रश्नावर सुभेदार गंभीर झाले. नळीच्या मुळाशी एखादे काडतूस उरलेले असू शकते. म्हणून प्रत्येक बंदूक भरलेलीच मानावी आणि चेष्टेतसुद्धा तिचे तोंड कोणाकडे करू नये.

शेवटी तिने विचारले, “वरातीत हवेत गोळ्या झाडतात, त्या जातात कुठे?”

क्षणभर कोणीच बोलेना. आमच्या या भागात असे बार नवे नाहीत. पण आकाश काही गोळी ठेवून घेत नाही. सरळ वर गेलेली गोळी हवेच्या विरोधामुळे मंदावून परतते, तरी माणसाचे डोके फोडण्याइतका जोर तिच्यात असू शकतो. तिरपी झाडलेली गोळी तर पुष्कळसा वेग राखून, किलोमीटरभराहूनही दूर, कोणाच्या तरी गच्चीवर वा अंगणात उतरते. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन, इतरांच्या जिवाला धोका पोहोचेल अशा आनंदाच्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली आहे.

कायदा आपले काम करीलच. परंतु वरातीच्या गर्दीत शिपाई पोहोचण्याआधी घरातले वडीलधारे तिथे असतात. तुमच्या घरी मंगलकार्य निघाले आणि कोणी हौसेने बंदूक बाहेर काढली, तर तुम्हीही संकोच न करता हाच भाबडा प्रश्न विचारा. उत्तर देता आले नाही, तर बंदूक खाली ठेवणे त्याला भागच पडेल.