नेटला शिव्या देण्याआधी...

दोन तास दहा मिनिटं! शनिवारी रात्री लॅपटॉपनं हा आकडा दाखवला आणि मी वैतागून म्हणाले, "काका, तुमच्या गावाचं नेट म्हणजे ना...!" ओसरीवर बसलेले काका काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पाली म्हणजे वेल्ह्यातलं, राजगडाच्या पायथ्याचं गाव. तुमच्यापैकी अर्धे जण पाली दरवाज्यानं गडावर जाऊन आले असतील. राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण माझ्यासाठी पाली म्हणजे काकांचं घर आणि काकूच्या हातची भाकरी. तिथल्या शाळेला सहा जुने कम्प्युटर मिळाले होते, आणि काकांनी हेडमास्तरांना परस्पर शब्द दिला होता, "आमची पोरगी करील सगळं."

मी पडले मासकॉमवाली! पण फ्रीलान्सरला स्वतःचा लॅपटॉप स्वतःच दुरुस्त करावा लागतो, त्यातून लिनक्सशी दोस्ती झाली. प्लॅन सोपा होता. डेबियनची एक इमेज घ्यायची, स्क्रिप्ट लिहून त्यात मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, लिबरऑफिस आणि मुलांसाठी जीकॉम्प्री टाकायचं, आणि तीच इमेज सहाही मशीनवर उतरवायची. डेडलाइन सोमवार सकाळ. पण स्क्रिप्टमध्ये एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा दोन तास दहा मिनिटं.

रविवारी पहाटे शेवटी ते केलं, जे आधीच करायला हवं होतं. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक ओळीला किती वेळ लागतो, ते मोजलं. डाउनलोडची एकूण मिनिटं? अवघी सोळा! मोबाइलच्या हॉटस्पॉटनं बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. गुन्हेगार माझी स्क्रिप्ट होती.

पहिला घोळ: मी प्रत्येक पॅकेजसाठी वेगळी 'ॲप्ट इन्स्टॉल'ची ओळ लिहिली होती. म्हणजे दर वेळी याद्या वाचणं, हिशोब लावणं आणि शेवटी मदत-पानांची सूची नव्यानं बांधणं. काकूला सांगितलं, तर ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मग चाळीस वेळा तांब्या घेऊन विहिरीवर कशाला जातीस? एकदाच हंडा ने की." नेला. सगळी नावं एकाच ओळीत आणली.

दुसरा घोळ: 'शिफारस केलेली' पॅकेजेस. डेबियन ती न मागता सोबत आणतं. ती बंद केल्यावर यादी बरीच रोडावली. नेमकी गरजेची होती, तेवढी नावं हातानं परत घातली.

तिसरा आणि सगळ्यात मोठा: मी इमेज थेट स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर बांधत होते. डीपीकेजी हा भलताच काळजीवाहू प्राणी. फाइल खरोखर डिस्कवर उतरली ना, याची खात्री करत पुढे सरकतो. पेनड्राइव्हवर हे म्हणजे बैलगाडीच. मग इमेज लॅपटॉपच्या डिस्कवर बांधली आणि 'ईटमायडेटा' नावाच्या छोट्या टूलनं ती खात्री तेवढ्यापुरती बंद केली.

"आन् मधीच लाइट गेली तर?" काकांनी विचारलं. अगदी बरोबर प्रश्न! लॅपटॉप मधेच बंद पडला, तर इमेज फेकायची आणि पुन्हा बांधायची. म्हणून हा फंडा फक्त इमेज बनवताना. ज्या मशीनवर कुणाचं काम साठवलेलं आहे, तिथे चुकूनही नाही.

शिवाय एकदा उतरवलेली पॅकेजेस एका फोल्डरमध्ये जपून ठेवली. पुढच्या खेपेला नेटची गरजच नाही.

नवा आकडा: एकोणीस मिनिटं.

सोमवारी सहापैकी पाच मशीन सुरू झाली. सहाव्याची हार्डडिस्कच गेलेली होती, त्याला स्क्रिप्ट काय करणार? चौथीतल्या एका मुलीनं दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत, 'पाली' टाइप केलं.

संध्याकाळी निघताना म्हणाले, "काका, नेट ठीक होतं. चूक माझीच होती."

"ठाऊक हाय," काका म्हणाले, "म्हणून तर गप बसलो. सहाव्याचं काय करायचं, त्ये बघ आता."

पुढच्या वीकेंडला हार्डडिस्क घेऊन जातेय.