भिंतीचा कौल

भिंतीला कान असतात, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत; परंतु भिंत बांधण्यापूर्वीं तिच्या शेजाऱ्यांचें म्हणणें कोणी ऐकून घेईल, असें मला पन्नाशी उलटेपर्यंत वाटलें नव्हतें. गेल्या वर्षीं मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां अमेरिकेस गेलों होतों. तिच्या भाड्याच्या घराच्या परसापलीकडेंच महामार्ग आहे. रात्रीं मालमोटारींचा घोष ऐकला कीं भरतीच्या समुद्राची आठवण व्हावी. फरक इतकाच, कीं या समुद्राला ओहोटी ठाऊक नव्हती. दोन महिन्यांची नात दचकून उठे, आणि तिच्याबरोबर तिची आई.

एके दिवशीं सरकारी लखोटा आला. महामार्ग रुंद व्हावयाचा होता, आणि घरांच्या बाजूनें आवाज अडविणारी भिंत हवी कीं नको, हें कळवावयाचें होतें. तेथील मध्यवर्ती नियमांप्रमाणें, असा रस्ता रुंद करतांना वस्तींतला आवाज ६७ डेसिबलांच्या आसपास जाणार असेल, तर भिंतीचा विचार करावा लागतो. आणि ज्या घरांचा आवाज तिच्यामुळें निदान ५ डेसिबलांनीं उतरेल, त्यांचें मत घ्यावें लागतें. घरमालकाचें, तसेंच तेथें राहणाऱ्याचेंही! भाडेकरूला मत विचारणारें सरकार पाहून माझा पुणेरी जीव थक्क झाला.

"यांत विचार कसला करायचा? हवी म्हणून लिहून टाक," मी मुलीला म्हणालों.

परंतु तिच्याबरोबर सभेला गेलों, आणि माझी खात्री डळमळली. अभियंता समजावून सांगत होता. भिंत आवाजाची वाट अडविते. तरी कांहीं आवाज तिच्या माथ्यावरून वळून येतोच. वाहनें दृष्टीआड होण्यापुरती उंची झाली कीं सुमारें ५ डेसिबल उतरतात; पुढें दर मीटरास आणखी सुमारें दीड. म्हणजे अधिक शांतता हवी तर अधिक उंची हवी. हें गणित संपतांच शेजारचे वृद्ध गृहस्थ उठले. "तीस वर्षांत हा रस्ता मला ऐकूं येईनासा झाला आहे," ते म्हणाले, "पण पलीकडच्या टेकडीवरचा सूर्यास्त अजून दिसतो. तेवढा मला राहूं द्या." माझी मुलगी मान खालीं घालून बाळाला थोपटीत राहिली.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. मात्र दोष मालमोटारींचा नव्हता. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनीं वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. तरीही पुण्यांत माझ्या घरापुढचा रस्ता रुंद झाला तेव्हां आम्हांला कोणी विचारलें नाहीं, ही तक्रार मी वर्षानुवर्षें चहाबरोबर पाहुण्यांपुढें ठेवीत आलों आहें. पण विचारलें असतें तर? भिंत हवी म्हणून सही ठोकून मी मोकळा झालों असतों. खालच्या वाण्याचें दुकान तिच्याआड जाईल, हें माझ्या मनांतही आलें नसतें. आपल्याला विचारावें, ही मागणी रास्तच आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, हें मला त्या सभेंत प्रथम कळलें.

मुलीनें ‘हवी’ असेंच लिहिलें. मात्र लखोटा पेटींत टाकण्यापूर्वीं बाळाला घेऊन ती त्या गृहस्थांच्या दारीं गेली, आणि आपण काय लिहिलें तें त्यांना सांगून आली.

"काय म्हणाले?" मीं भीत भीत विचारलें.

"म्हणाले, तुझ्या वयाला मीसुद्धां हेंच लिहिलं असतं. आणि बाबा, भिंत उभी राहीपर्यंत बाळाला घेऊन रोज संध्याकाळीं आमच्याकडे येत जा म्हणाले, सूर्यास्त पाहायला."

निकाल लागण्यापूर्वींच आम्ही परतलों. तोंवर कितीतरी संध्याकाळीं त्यांच्या अंगणांत आम्ही सारीं बसलों होतों. रस्ता गर्जत होता आणि टेकडी दिसत होती.