खोलीचा कागद

बोईसरला चाळीत खोली घेतलेला माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा तीन कागद निघतात: नोटरी केलेला स्टँप पेपर, विजेचं बिल आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती. कागद तिन्ही खरे, पण खोली त्यांतल्या एकानेही त्याच्या नावावर होत नाही. घरपट्टी म्हणजे कर. नोटरीने पाहिली ती फक्त सही.

शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी, ही रेघ १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आखली आणि १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ने पक्की केली. तेव्हा शंभरात जमिनीचा तुकडा येत असेल. आज एमआयडीसीच्या नाक्यावर दोघांचं जेवण होत नाही. रेघ मात्र जागची हललेली नाही, म्हणून दहा बाय दहाची खोलीही तिच्यात येते.

मी विचारतो, ‘रजिस्टर का नाही केलं?’ उत्तर येतं, ‘खर्च वाचतो म्हणाले.’ नोंदणी फी एक टक्का, तीही जास्तीत जास्त ३० हजार. मुद्रांक शुल्क वेगळं. खर्च आहेच, पण खरं कारण बहुतेक वेळा सातबाऱ्यावर असतं. जमीन आदिवासी खातेदाराची असते, आणि जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ ती परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ देत नाही. नाहीतर कुळकायद्याची नवीन शर्त असते, किंवा जागा बिनशेती झालेलीच नसते. नोंदणी टाळलेली नसते, होण्यासारखीच नसते. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं.

उलट गैरसमजही तेवढाच पक्का. नोंदणी होऊन तिचा उतारा, इंडेक्स टू, हातात आला की खोली आपलीच झाली म्हणून लोक पेढे वाटतात. दुय्यम निबंधक पाहतो ते मुद्रांक पुरेसा आहे का, सही करणारा तोच आहे का, ओळख पटवणारे आलेत का आणि दस्त करून दिल्याचं तो कबूल करतो का. विकणारा मुळात मालक होता का, हे ठरवणं त्याचं काम नाही. तमिळनाडूने नियम करून ते काम निबंधकाकडे द्यायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये तो नियम रद्द केला. ऑस्ट्रेलियात १८५८पासून सरकार मालकीची हमी देतं. आपल्याकडे सरकार कागद सांभाळतं, हमी ज्याची त्याने शोधायची.

हा शोध, म्हणजे आमच्या भाषेत ‘सर्च’, माझं पोट भरतो. तीस वर्षं मागे जायचं असा रिवाज आहे. २००२नंतरचं संगणकावर सापडतं. त्याआधीचं रजिस्टरमध्ये: सूची एक नावांची, सूची दोन मिळकतींची. वाळवीने कोपरे खाल्लेले, नेमका हवा तो सर्व्हे नंबर फाटलेल्या पानावर. मग अहवालात लिहायचं, ‘काही पाने फाटलेली असल्याने शोध घेता आला नाही.’ बँकेचा अधिकारी हे वाक्य वाचतच नाही असा माझा अनुभव. पूर्वी दस्त फोटो काढायला पुण्याला जायचे आणि परत यायला वर्षं लागायची. पावती जपता जपता म्हातारे वारले. वारसांकडे आजही नुसत्या पावत्या आहेत.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक ठरलं, वाढवण बंदराला २०२४मध्ये मंजुरी मिळाली. या पट्ट्यात आजोबांच्या नावावर झोपलेल्या जमिनी एकेक करून जाग्या होताहेत. त्याबरोबर हक्कसोडपत्रंही वाढली: बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याचे दस्त.

हा दस्त एकदा जवळून बघा. नातीला घेऊन आलेली बहीण निबंधकाच्या कचेरीत बाकड्यावर टेकलेली असते. नाव पुकारलं की कॅमेऱ्यासमोर फोटो, मग अंगठा. अंगठ्यावरच्या रेषा कामाने पुसलेल्या, यंत्र तीनदा नाकारतं. साहेब विचारतात, ‘आजी, दस्त तुम्हीच करून दिला ना? समजला ना?’

‘हो. भावाने सांगितलं.’

कायद्याला एवढी कबुली पुरते. भावाने काय सांगितलं, हे कोणी विचारत नाही. विनामोबदला सोडलेला हिस्सा एकदा नोंदवला की कोर्टात जाऊन तो परत मिळवणं फार अवघड.

म्हणून माझ्याकडे हक्कसोडाचं काम आलं की मी भावाला चहाला पाठवतो आणि बहिणीला दस्त वाचून दाखवतो. गट नंबर, क्षेत्र आणि आजचा रेडी रेकनरचा आकडा, सगळं तिच्या बोलीत. बऱ्याच जणी सही करतातच. माहेर तुटायला नको असतं. एखादी मात्र म्हणते, ‘राहू दे माझं नाव.’ भाऊ माझ्यावर उखडतो. माझी फी मी घेत नाही, आणि हक्कसोडपत्राचा मुद्रांक तरी कितीचा? ऑक्टोबर २०२४पर्यंत २०० रुपये होता, आता ५००.