धूळ काढावी, पण बेतानं

बडोद्याच्या उन्हाळ्यात धूळ कुठे शिरत नाही? सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा पांढुरकं.

नातवानं दिवाळीची ओवाळणी आणि खाऊचे पैसे साठवून जुना प्लेस्टेशन ४ घेतला. हे मॉडेल २०१३ चं. अर्ध्या तासात पंखा मिक्सरसारखा घोंगावायचा, मग ‘फार गरम झालं’ असा इशारा येऊन खेळ बंद. घरात सगळे म्हणाले, "भंगारात द्या." पोराचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, आधी आत हवा जाते का ते बघू.

नुसतं स्टँडबायवर ठेवून चालत नाही. बंद करून प्लग काढला, तासभर निवू दिलं. कोरड्या मऊ ब्रशनं जाळ्या झाडल्या. मग गॅलरीत हवेचा स्प्रे उभा धरून थोडी थोडी हवा मारली. डबा तिरपा झाला तर आतला द्रव बाहेर येतो. सलग जोरात मारली तर पंखा भरधाव फिरून खराब होतो. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. व्हॅक्यूमची नळीही नको, स्थिर विजेचा धोका.

नातू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, तेव्हा मात्र हात धरला. याचा पॉवर सप्लाय आतच असतो, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. ते काम कारागिराचं. बँकेतही तिजोरी उघडायचा अधिकार सगळ्यांना नसायचा!

पंखा आता शांत आहे. यंत्र बंद कपाटातून उघड्या टेबलावर आणलंय, मागे वीतभर जागा सोडून. जुनी वस्तू टाकण्याआधी तिला श्वास घेता येतोय ना, एवढं जरूर बघा.