थंडावा कोठे अडला?

उन्हाळा आला की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : "एसीतला गॅस संपला." आपणही ते ऐकले असेल आणि कदाचित मुकाट्याने पैसेही मोजले असतील. हा गॅस स्वयंपाकघरातल्या गॅससारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. आतल्या नळ्यांत त्याची वाफ होताना तो खोलीतली उष्णता शोषून घेतो आणि बाहेरच्या नळ्यांत पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती असलीच पाहिजे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

आम्ही लखनौच्या हजरतगंजात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. नवाब अमजद अली शाहांना लोक 'हजरत' म्हणत, त्यावरून ह्या पेठेचे नाव पडले. त्यांची कबरही येथल्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. येथला ज्येष्ठ नागपूरकरांना नवा वाटणार नाही, पण मी कोकणातली; लू म्हणजे काय ते मला येथे आल्यावरच कळले. ह्या शहराने उन्हाशी झुंजण्याचे पुष्कळ उपाय केले. क्लॉड मार्टिनने अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतलेल्या कॉन्स्टान्शियाच्या भिंतींत हवा खेळण्यासाठी पोकळ वाटा ठेवल्या आहेत. रेसिडेन्सीत थंडाव्यासाठी तळघर होते आणि १८५७ च्या वेढ्यात बायकामुलांनी त्यातच आसरा घेतला. साध्या घरांच्या दारांवर वाळ्याचे ओले पडदे असत. आमच्या व्हरांड्यात असा एक पडदा अजून आहे.

पण पडद्याने भागण्यासारखी आमची स्थिती नव्हती. मामंजी ८१ वर्षांचे, हृदयाचे दुखणे, त्यात शरीरातले पाणी कमी करणारी गोळी रोजची. उतारवयात तहान नीट जाणवत नाही, घामही कमी येतो, आणि अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. दुपारी त्यांची खोली थंड राहिलीच पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. गेल्या जूनमध्ये नेमकी दुपारीच ती थंड होईना. मामंजी निपचित पडून राहू लागले, बोलणेही तुटक झाले. आम्ही त्यांना शेजाऱ्यांच्या थंड खोलीत हलवले, डॉक्टरांना बोलावले आणि मग यंत्राकडे वळलो.

जो पहिला मिस्त्री आला त्याने झाकणही न उघडता गॅसची किंमत सांगितली. "गळती कोठे आहे?" ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. त्याला निरोप देऊन मी आतली जाळी काढली. लूबरोबर आलेल्या धुळीने ती गोधडीसारखी जाड झाली होती. ती धुऊन बसवल्यावर वारा वाढला, पण दुपारचा थंडावा परतला नाही. तेव्हा मी घरचा तापमापक घेतला. यंत्र पंधरा मिनिटे चालू द्यावे, मग आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. आठ ते बारा अंशांचा फरक असला म्हणजे यंत्र साधारणपणे ठीक समजावे. सकाळी सातला फरक दहा अंश भरला, दुपारी तीनला अवघा चार! शिवाय दुपारी बाहेरचा काँप्रेसर दहा मिनिटांत बंद पडे आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू होई.

हे आकडे मी गल्लीतल्या एका वृद्ध मिस्त्रींना दाखवले. ते म्हणाले, "बहनजी, गॅस कम असता तर सकाळीही तक्रार असती. मागची जागा दाखवा."

मागे तीन इमारतींच्या मध्ये विहिरीसारखी अरुंद जागा आहे. तेथे पाच घरांचे बाहेरचे संच समोरासमोर गरम हवा फेकतात. खालच्या दुकानदाराने पावसात माल भिजू नये म्हणून त्या जागेवर पत्रा घातला होता. रस्त्यावर ४३ अंश असताना त्या पत्र्याखाली ५४ भरले! खोलीतून काढलेली उष्णता बाहेरच्या हवेला देणे, हेच त्या संचाचे काम. पण तो आपलीच तापलेली हवा पुन्हा ओढून घेत होता. काँप्रेसर जळू नये म्हणून त्यातली संरक्षक कळ तो बंद पाडी.

मग पाचही घरांची बैठक झाली. दुकानदार प्रथम मानेना, आणि त्याचेही खोटे नव्हते; माल कुजला तर भरपाई कोण देणार? अखेर त्याच्या कोठाराच्या दारापुरते ताडपत्रीचे छप्पर सर्वांनी मिळून करून दिले व पत्रा निघाला. आमचा संच गच्चीवर उत्तरेच्या सावलीत नेला. वाढीव नळीचा खर्च झाला, पण वारंवार गॅस भरण्याहून तो पुष्कळ कमी. वीज तोडून, बाहेरच्या पत्र्यांमधली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुतली. जोराची धार त्या पातळ पत्र्या वाकवते, हे ध्यानात असू द्या.

आता दुपारी तीनलाही फरक दहा अंशांवर असतो. मामंजी आकडा २६ वर ठेवून पंखा हळू लावतात आणि त्याहून खाली नेले की शाल मागतात.