आजीचा डोळा आणि चंद्री

माझ्या आजीला दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हते. तांदूळ निवडले तरी बाबांच्या दाताखाली खडा यायचा. आम्ही हसायचो, आजीपण हसायची. एके दिवशी ती अंगणातल्या दगडाला अडखळून पडली. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

तालुक्याला खाजगी दवाखान्यात दाखवले. मोतीबिंदू निघाला. खर्चाचा आकडा ऐकून बाबा वाटभर गप्प होते. रात्री चंद्री विकायचे ठरले. चंद्री म्हणजे आमची शेळी. आजीनेच तिला बाटलीने दूध पाजून जगवली होती. आजी म्हणाली, "अरे, गाभण हाय ती. माझ्या डोळ्यांचं काय एवढं?"

बाजाराच्या आदल्या दिवशी आशाताई आल्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन फुकट होते, भिंगही फुकट बसवतात, असे त्यांनी सांगितले. बाबा म्हणाले, "फुकटचं ते कसलं आलंय!" मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, अंधत्व टाळण्याचा हा सरकारी कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. मग बाबा तयार झाले.

एसटीत आजीला तिकीट नाही, कारण आधार कार्डावर तिचे वय पंचाहत्तरच्या वर आहे. आईला अर्धे. बाबांना पूर्ण. पहिल्या खेपेला आजीचा रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून गोळ्या देऊन परत पाठवले. दुसऱ्या खेपेला ऑपरेशन. तिसऱ्या खेपेला तपासणी. दवाखान्यात खरंच एक रुपया लागला नाही. पण तिकिटे, चहा-भाकरी आणि दोघांची बुडालेली मजुरी यांसाठी आईने बचत गटातून दोन हजार रुपये उचलले. ते कोण देणार? बाबांना मी हे विचारले, तर ते म्हणाले, "तू अभ्यास कर."

पट्टी काढून आजी घरी आली ती सरळ गोठ्यात गेली. तिथून ओरडली, "अगं बाई, चंद्रीच्या कानावर पांढरा ठिपका हाय की! मी इसरलेच होते."

चंद्रीला आता दोन करडे झाली आहेत. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर गटाचे हप्ते फिटतील, असे आई म्हणते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी